पाळ्या, वह्या आणि ४००० हर्ट्झ : बाबांच्या संग्रहाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

काम काय करायचं ते आज ठरलं. बाबांवर घरापुरती एक पुस्तिका काढायची आणि तिच्यासोबत त्यांचे कागद, फोटो, आवाज यांचा नीट लावलेला संग्रह ठेवायचा. दादा, ताई आणि आई तिघांनीही माझ्याकडे बघितलं, म्हणजे काम माझं.

बाबा गेले तेव्हा छापलेल्या चार ओळी पुन्हा वाचल्या. कष्टाळू, कुटुंबवत्सल, मनमिळाऊ. यातलं खोटं काहीच नाही. पण हाच मजकूर शेजारच्या चौकटीतल्या माणसालाही चालून गेला असता. म्हणून नियम केला : मी लिहीन त्या मजकुरात गुणवर्णन येणार नाही. काय केलं, केव्हा केलं, कसं केलं, एवढंच. दादा म्हणाला, "कोरडं होईल गं." होऊ दे, बघू.

६ फेब्रुवारी

मोजदाद. कपाटाच्या खालच्या कप्प्यात खिशात मावणाऱ्या डायऱ्या, तेलाचे डाग पडलेली एक जाड वही, अल्बम, कॅसेटी, दवाखान्याच्या कागदांची फाइल, हत्यारांची पेटी.

काही हलवायच्या आधी प्रत्येक कप्प्याचा फोटो काढून ठेवला. कशाशेजारी काय होतं, हीसुद्धा माहिती असते. डायऱ्यांना लावलेले रबरबँड विरघळून कागदाला चिकटले होते, ते काढले. गंजलेल्या टाचण्याही काढल्या. फाइलींची नावं आधी साल, मग महिना, मग तारीख अशी द्यायची, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. साल नक्की नसेल तिथे फक्त दशक लिहायचं. अंदाजाने साल टाकायचं नाही. अंदाज एकदा फाइलीच्या नावात शिरला की दोन वर्षांनी तो पुरावा होऊन बसतो.

९ फेब्रुवारी

अल्बम. चिकट पानांवर वरून प्लास्टिक ओढलेले, म्हणजे फोटोंचे शत्रूच. गोंद पिवळा पडलाय आणि फोटो पानाला धरून बसलेत. ओढून काढले तर फाटतात. दात साफ करायचा बिनमेणाचा धागा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवला की बरेचसे सुटतात. जे सुटत नाहीत त्यांचा पानासकटच फोटो घ्यायचा.

फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करतेय, कागद ३०० ला. मूळ प्रत टिफमध्ये, तिला हात लावायचा नाही. रंग सुधारायचे ते जेपेगच्या प्रतीवर. जुने रंगीत फोटो लालसर झालेत. त्या काळच्या कागदातला निळसर रंग अंधारातही सगळ्यात आधी उडायचा, मग तांबूस तेवढा उरतो. पाठीमागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नाही. ताईला हे दोनदा सांगावं लागलं.

१४ फेब्रुवारी

फोटो सालवार लावले आणि मध्येच मोठं खिंडार दिसलं. लग्नाआधीचे बाबा भरपूर आहेत : मित्रांबरोबर, नव्या शर्टात, लेथ मशीनला टेकून. नातवंडं झाल्यावर तर मोबाइलमुळे पूरच. पण दादाच्या जन्मापासून माझं शिक्षण संपेपर्यंतच्या काळात बाबा जवळजवळ नाहीतच. एक तर कॅमेरा त्यांच्या हातात असायचा, नाहीतर ते ड्यूटीवर असायचे.

या मधल्या काळातला एकच धड फोटो आहे. ताईचा वाढदिवस, पुढे आम्ही सगळी पोरं दात काढून उभी, आणि मागच्या खुर्चीत बाबा कारखान्याच्या कपड्यांत बसल्या बसल्या झोपलेले. मान डावीकडे कलंडलेली, हातात फुगवायचा राहिलेला एक फुगा. हा फोटो अल्बममध्ये लावलेला नव्हता, शेवटच्या पानाच्या मागे सरकवलेला होता. आईला विचारलं तर म्हणाली, "चांगला नाही आलाय तो." पुस्तिकेत तो पूर्ण पानभर घेणार आहे.

सगळ्यात जास्त राबले त्याच वर्षांचा पुरावा सगळ्यात कमी. या प्रकल्पाचं खरं काम तिथेच आहे, हे आज कळलं.

२१ फेब्रुवारी

बाबांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागलेले एक काका भेटले. मुलाखत एकट्याचीच घेतली. दोघं-तिघं एकत्र बसले की एकाची आठवण दुसऱ्याच्या तोंडी जाते आणि नंतर दोघांनाही ती स्वतःचीच वाटते. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न टाळले.

काका म्हणाले, पहिल्या दिवशी बाबांनी त्यांना मशीनला हातच लावू दिला नाही. फक्त चकची, म्हणजे लेथवर जॉब (कापायचा तुकडा) पकडणाऱ्या जबड्याची, चावी हातात दिली. चावी चकमध्ये विसरली आणि मशीन चालू झालं तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून दिवसभर काम एकच : चावी लावायची, चक आवळायचा, चावी काढायची. काढल्याशिवाय हात सोडायचा नाही. संध्याकाळपर्यंत वैताग आला. "पण तुम्हाला सांगतो, निवृत्त होईपर्यंत माझी चावी कधी चकमध्ये राहिली नाही." बाबांचं घड्याळ नेहमी खिशात का असायचं तेही कळलं. फिरत्या जॉबपाशी मनगटात, बोटात काही घालायचं नसतं, हातमोजेसुद्धा नाहीत. सुट्टीच्या दिवशीही घड्याळ खिशातच राहायचं, ती सवय.

अजून एक सांगितलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाळी संपायला थोडा वेळ असला की बाबा उरलेल्या तुकड्यावर उगाच एक बारीक कट घ्यायचे. टूल स्वतः घासलेलं, फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, अगदी कमी. कुणी मागितलेला जॉब नव्हे. तो चकाकता तुकडा उजेडाकडे धरून बघायचे आणि भंगारात टाकून द्यायचे.

तिशीपर्यंतचं काका धबधब्यासारखं बोलले. पुढचं विचारलं की "मग काय, चालूच होतं." हे त्यांचंच नाही. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलं सर्वांत जास्त आठवतं, असं स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणजे बाबांच्या बरोबरीच्या माणसांकडून बाबांचं तारुण्य मिळेल. चाळिशी मिळणार नाही. ती कागदातूनच काढावी लागेल.

२४ फेब्रुवारी

डायऱ्या. पहिल्या नजरेला निराशा. मनातलं एक वाक्य नाही. रोज एक अक्षर : प, दु, रा. पहिली, दुसरी, रात्र. पुढे कधी "ओ.टी. ४", म्हणजे ओव्हरटाइम. एवढंच, वर्षानुवर्षं.

तरी सगळं तक्त्यात भरायला घेतलं. पाळी दर आठवड्याला बदलायची. मग मध्येच क्रम मोडलेला दिसू लागला. "दु" असायला हवी तिथे "प", आणि शेजारी बारीक अक्षरात "बदली". त्याच्यापुढे कारण : "ता. परीक्षा". "आई दवाखाना". "धा. स्नेहसंमेलन". ता. म्हणजे ताई. धा. म्हणजे धाकटी, म्हणजे मी.

बदली फुकट मिळत नसते. ज्याने आपली पाळी दिली त्याची कधीतरी आपण घ्यायची. दोन-तीन आठवड्यांनी कुठेतरी "परतफेड, रा" अशी नोंद बहुतेक वेळा सापडते, आणि तिच्यापुढे एक छोटी बरोबरची खूण. माझं स्नेहसंमेलन दीड तासाचं असेल. त्यासाठी एक अख्खी रात्र ते दुसऱ्याच्या मशीनवर उभे होते. घरात हे कधी कुणाला माहीतच नव्हतं. आईलाही नाही. तिला वाटायचं, योगायोगाने पहिली पाळी आली.

तक्त्यात आता तीन स्तंभ आहेत : बदली, कारण, परतफेड. काही बदल्यांसमोर परतफेड दिसत नाही. ती राहिली की लिहायची राहिली, सांगता येत नाही. जिथे दिसत नाही तिथे रिकामं ठेवलंय.

१ मार्च

आईची मुलाखत. मी पाणी घेऊन निवांत बसले, तिने सुरुवातच अशी केली : "रात्रपाळीच्या आठवड्यात ते घरात असून नसायचे. हे लिही. नाहीतर सगळं गोड गोड लिहाल."

मग ती बोलतच राहिली. दिवसा खिडक्यांना जाड चादरी. बेलची वायर काढलेली. आम्ही मुलं पायऱ्यांवर खेळायचो, घरात नाही. भांडं पडलं की बाबा उठून बसायचे आणि मग चिडायचे. ओरडणं फार नसायचं, पण दार आपटायचं. "सोमवारी चिडायचे, शनिवारी मवाळ व्हायचे, तोवर आठवडा बदलायचा."

यात स्वभावापेक्षा शरीराचा भाग जास्त. रात्री जागून दिवसा झोपणाऱ्याची झोप कमी आणि उथळ होते, कारण शरीरातलं घड्याळ उजेडाच्या मागे चालतं आणि दिवसा ते जागं करायच्याच मागे असतं. पाळी आठवड्याला बदलली तर ते घड्याळ जुळायला लागतं न लागतं तोच पुन्हा उलटं फिरवावं लागतं. बाबांनी ते वर्षानुवर्षं फिरवलं.

दादाचं म्हणणं, हे नको घालूस. आईचं म्हणणं, घालायचंच. तीस वर्षं बेलची वायर काढण्याचं काम आईने केलं आहे. तिचं ऐकणार.

५ मार्च

तेलाच्या डागांची वही. वर्कशॉपची आहे. पहिल्या पानावर आट्यांचा तक्ता, सुवाच्य : एम ६ (व्यास ६ मिलिमीटर), पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १, ड्रिल ५. एम १०, पिच १.५, ड्रिल ८.५. व्यासातून पिच वजा केलं की ड्रिलचं माप येतं, ते सूत्र वर चौकटीत. पुढे कापण्याच्या वेगाची गणितं, टूलच्या कोनांच्या आकृत्या.

मधल्या एका पानावर अचानक वेगळाच तक्ता. वर लिहिलंय "पाय". खाली तीन ओळी : मोठा, ता., धा. प्रत्येकासमोर डावा आणि उजवा असे दोन आकडे, मिलिमीटरमध्ये. माझे १८६ आणि १८८. शेवटच्या स्तंभात "जादा १०". पुढच्या वर्षीचा तक्ता त्याखाली, मग त्याच्या पुढच्या वर्षीचा. आम्ही वाढतोय आणि आकडे वाढतायत. एका वर्षी दादाच्या आकड्याभोवती गोल आणि "१४ वाढला!" असं उद्गारचिन्हासकट. सबंध वहीत दुसरं उद्गारचिन्ह नाही.

बूट आणायच्या आधी आम्हाला कागदावर उभं करून पट्टीने माप घ्यायचे हे तिघांनाही आठवतंय. ते आट्यांच्या तक्त्याशेजारी उतरवलं जायचं हे माहीत नव्हतं. मोठ्या पायावरून बूट घ्यायचा आणि बोटांपुढे दहा मिलिमीटर सोडायचे. गणित आजही बरोबर आहे. पान स्कॅन केलं, मूळ आकारात छापायचं. ताईने लगेच तिथे स्वतःचा पाय लावून बघितला, अर्थातच काहीही जुळलं नाही.

९ मार्च

कॅसेटी. ९० मिनिटांची एक, वर "पाठांतर". आवाज दबका आणि लटपटता. आतला टेपला दाबून धरणारा छोटा फेल्टचा तुकडा गळून पडलाय, गोंद वाळला की असं होतं. नशीब, कवच स्क्रूचं होतं, चिकटवलेलं नव्हतं. पाच स्क्रू काढून रिळं दुसऱ्या कवचात बसवली. वाजवायच्या आधी प्लेअरचं हेड आणि रबरी चाक पुसून घेतलं. जुनी टेप पुन्हा पुन्हा वाजवायची नसते, म्हणून पहिल्याच वेळी संगणकावर उतरवून घेतली.

मी आहे त्यात. सात-आठ वर्षांची, धडा वाचून दाखवतेय. आवाज अगदी बारीक. दर दोन-तीन वाक्यांनी बाबा : "परत." मी परत वाचते. "मोठ्याने. परत." मी वैतागून, शब्द तोडून तोडून वाचते. "हां, आता पुढे."

हे मला नीट आठवतं, आणि रागासकट आठवतं. वाटायचं, माझं वाचन यांना कधी पसंतच पडत नाही.

१३ मार्च

दवाखान्याची फाइल. बरंचसं ठेवण्यासारखं नाही. आजारपणाचे कागद संग्रहात घालायचे नाहीत असं आईचं मत आणि माझंही. एक मात्र घेतेय.

ऑडिओग्राम, म्हणजे कान तपासणीचा आलेख. बाबा पन्नाशीच्या आत असतानाचा, कारखान्याच्या तपासणीतला. आडव्या रेषेवर आवाजाचा बारीकपणा, २५० ते ८००० हर्ट्झ, उभ्या रेषेवर डेसिबल, वरून खाली : रेषा जितकी खाली तितकं ऐकू कमी. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. १००० पर्यंत दोन्ही रेषा बऱ्यापैकी सरळ. मग ४००० ला दोन्ही धाडकन खाली, आणि ८००० ला थोड्या वर.

वयाने जाणारा कान असा दिसत नाही. त्यात रेषा शेवटपर्यंत उतरतच जाते. मध्येच ४००० च्या आसपास खड्डा ही आवाजाने गेलेल्या कानाची खूण. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा मानतात, आणि त्यावर दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन. बाबांच्या रांगेला लागून पॉवर प्रेसची, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या मशीनची, रांग होती, हे काकांनी सांगितलंच होतं. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसपेशी यात मरतात त्या पुन्हा येत नाहीत.

असा कान बहिरा नसतो. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. स्वर येतात, बारीक व्यंजनं गळतात. स, श, फ ही अक्षरं आधी जातात. गोंगाटात जास्त. आणि लहान मुलींचे बारीक आवाज सगळ्यात वाईट.

कॅसेटची फाइल पुन्हा उघडली. ऑडिओग्राममधला खड्डा ढोबळमानाने इक्वलायझरवर (आवाजातले जाड-बारीक भाग कमी-जास्त करायचं साधन) लावला आणि माझाच धडा ऐकला. तंतोतंत नव्हे, पण अंदाज येतो. "साल", "चाल" आणि "ताल" यांतला फरक जवळजवळ पुसला जातो. बाबा नेमकं कुठे कुठे "परत" म्हणतात ते लिहून काढलं. बहुतेक ठिकाणी वाक्यात स किंवा श आहे.

ते माझी परीक्षा घेत नव्हते. त्यांना ऐकायचं होतं.

१५ मार्च

दादाला दाखवलं. तो म्हणाला, "माझ्याशी तर ते भरपूर बोलायचे." बरोबर आहे, तो सगळ्यात मोठा. त्याच्या लहानपणी बाबांचे कान शाबूत होते, आणि कान जायला लागले तोवर त्याचा आवाज फुटला होता. ताई मधली, तिला दोन्ही आठवतं. एकाच घरात तीन मुलांना तीन वेगवेगळे बाबा मिळाले. पुस्तिकेत तिघांचं लिखाण एकत्र मिसळायचं नाही, वेगवेगळं ठेवायचं.

आई मात्र ऑडिओग्रामला फार भाव द्यायला तयार नाही. "ऐकू यायचं त्यांना. सोयीचं तेवढं." हेही घेतलं. सगळं मौन काही कानाच्या खाती टाकता येणार नाही.

१८ मार्च

दिवसभर स्कॅनर. लिहिण्यासारखं काही नाही.

२० मार्च

शीर्षकावरून वाद. दादाला मुखपृष्ठावर "त्याग" हवंय. मी नाही म्हटलं. बदल्या, परतफेडी, रात्रपाळ्या बघता तो शब्द चुकीचा नाही, हे मान्य. पण त्याने सगळी गोष्ट आमच्याभोवती फिरते. जणू तो माणूस आमच्यासाठीच मशीनपुढे उभा होता. मग पाळी संपताना घेतलेला तो बारीक कट कुणासाठी होता? त्यांना ते काम आवडायचं. हात चांगला होता आणि तो चांगला आहे हे त्यांना ठाऊक होतं. बाप आपल्यासाठी झिजला असं म्हणण्यात मुलांचाही थोडा मोठेपणा असतो. त्याला स्वतःची हौस होती हे कबूल करताना तेवढं मोठं वाटत नाही.

ताईने तोडगा काढला : मुखपृष्ठावर शीर्षकच नको. डायरीतलं एक पान, प दु रा ची रांग, आणि त्यात कुठेतरी "बदली". आत उलगडेलच. दादा कुरकुरला, पण पान त्यानेच निवडलं. त्यात त्याच्या निकालाचा दिवस आहे.

२७ मार्च

मजकूर छपाईला गेला. संग्रहाच्या तीन प्रती : एक माझ्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक ताईच्या घरी. सगळ्या एकाच छताखाली ठेवायच्या नाहीत. डायऱ्यांत आलेली सहकाऱ्यांची नावं छापलेल्या मजकुरातून काढलीत. त्यांच्या पाळ्या आणि त्यांच्या अडचणी या त्यांच्या आहेत. राहिलेलं काम : दोन कॅसेटी, काकांच्या मुलाखतीचा दुसरा भाग, आणि परतफेड न सापडलेल्या बदल्या. काका म्हणतात, त्यातली एक तरी त्यांचीच होती आणि ती बाबांनी फेडली होती, नुसती लिहायची राहिली. त्यांच्या सांगण्यावरून म्हणून, वेगळ्या रंगात, ती भरली.

हत्यारांची वाटणी आईने केली. माप घ्यायच्या हत्यारांपैकी व्हर्नियर दादाकडे. मायक्रोमीटर ताईच्या मुलाला हवाय. तो आधी बरोबर शून्याला लावून दाखवेल, मगच मिळेल, असं आईचं म्हणणं. शून्य कसं तपासतात ते तिला कसं माहीत, विचारलं तर म्हणाली, रविवारी बसून पुसायचे ना, बघायचे मी.